पाठमोरी नोंदवही

मोक पुई-लाम सत्तेचाळीस वर्षं माणूस म्हणून जगले आणि मग एका सकाळी सव्वाअकरा वाजता, रीतसर ठराव होऊन, त्यांची नोंदवही झाली. ठराव एकमताने मंजूर झाला. खुद्द मोककाकांचं मत कोणी घेतलं नाही. नोंदवहीचं मत घेण्याची पद्धत जगात कुठेच नाही, तेव्हा त्यात समितीची चूक काढता येत नाही.

हे घडलं हाँगकाँगात, लढाई संपली त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत. टेकडीवर आमचं विद्यापीठ होतं, म्हणजे त्याच्या भिंती होत्या. जपान्यांच्या अमलात शहरात जळण मिळेनासं झालं तेव्हा लोकांनी आधी खुर्च्या नेल्या, मग दारं, मग खिडक्यांच्या चौकटी, मग जमिनीच्या फळ्या, आणि अगदीच अंगावर आलं तेव्हा छपराच्या तुळया. नावं ठेवण्यात अर्थ नाही. तत्त्वज्ञानाच्या एका वर्गावर अख्ख्या गल्लीची महिनाभर पेज शिजली. तत्त्वज्ञानाने त्याआधी कोणाचं एवढं भलं केल्याचं ऐकिवात नव्हतं.

अशा त्या विद्यापीठाला पुन्हा उभं करायला लंडनहून सर ऑल्विन थर्लो आले. उंच, सज्जन, सतत पडसं झालेले. लढाई चालू असताना तिकडे बसून तीन वर्षं खपून त्यांनी एकशे चौऱ्याऐंशी पानांचा आराखडा केला होता. पंधरा वर्षांनी या वसाहतीला किती डॉक्टर लागतील, किती पूल बांधणारे लागतील, प्राध्यापकांच्या खोलीत गालिचा कोणत्या रंगाचा हवा, सगळं त्यात होतं. छप्पर नाही, एवढंच त्यात नव्हतं. त्यामुळे समितीच्या बैठका मोठ्या दिवाणखान्यात छत्र्या उघडून होत. समितीत दुसरे होते लष्करी अमलाचे कर्नल बिडिक, ज्यांना नियम वाचायला फार आवडत. तिसऱ्या मिस पेंगेली. त्या टिपणं घेत, आणि त्या तिघांत शुद्धीवर तेवढ्या एकट्याच होत्या असं आमच्याकडे सगळ्यांचं मत होतं.

आराखड्याचं सगळं घोडं एका आकड्यावर अडलं होतं. लढाईने शिक्षण अर्धवट राहिलेले जुने विद्यार्थी किती? ते कळलं की नवे किती घ्यायचे ते ठरणार, मग खाटा, मग प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या, मग छप्पर. आणि जुन्यांच्या नोंदवह्या तर गेल्या होत्या.

त्या गेल्या मोककाकांमुळे. मोककाका हे विद्यापीठाचे नोंदकारकून. विसाव्या वर्षी नकलनवीस म्हणून लागले आणि दरवर्षी सगळ्या नोंदवह्या स्वतःच्या हाताने नव्याने उतरवत आले. शहर पडलं तेव्हा त्यांनी अकराच्या अकरा वह्या ग्रंथालयाच्या लाकडी जमिनीखाली दडवल्या आणि वरून खिळे ठोकले. पुढे तांदूळ पुरेना म्हणून जपान्यांनी लोकांना शहराबाहेर हाकलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी बायकोला, शिऊ-हानला, चुंगशानातल्या गावी धाडलं आणि स्वतः वह्या राखायला मागे राहिले. धक्क्यावर तिने विचारलं होतं, "म्हणजे वह्या माझ्यापेक्षा जवळच्या?" काकांनी तिची टोपली बोटीत चढवून दिली होती. दीड वर्षाने कोणीतरी ती जमीनच उचलून नेली. मग एके दिवशी बाजारात भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पुडीवर काकांना इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष दिसलं. त्यांनी शेंगदाणे टाकून दिले आणि कागद घरी आणला.

तर त्या फेब्रुवारीत सर ऑल्विन कपाळाला हात लावून बसले असताना मोककाका पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, मला सगळं तोंडपाठ आहे."

"सगळं म्हणजे?"

"नाव, गाव, शाखा, वर्ष, गुण, शेरा. फक्त मला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागेल."

इथे आमच्याकडच्या खेड्यातल्या शाळेची रीत सांगायला हवी. पोराने पुस्तक मास्तरांच्या टेबलावर ठेवायचं, मास्तरांकडे पाठ करायची आणि डोलत डोलत पहिल्या अक्षरापासून म्हणायचं. मध्ये अडला की वेताची छडी आणि पुन्हा पहिल्यापासून. सात वर्षं हे झाल्यावर माणसाचं डोकं तसंच घडतं. मोककाकांना मधलंच नाव विचारलं तर आठवायचं नाही, लेखणी हातात दिली तर डोकं रिकामं. पण पाठ फिरवून सुरुवात केली की एकामागून एक पोरं बाहेर यायची. एकूण किती, हे त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणताना कोणी मोजत नाही.

पहिल्या दिवशी काका भिंतीकडे वळले तेव्हा कर्नलांना तो अपमान वाटला. सर ऑल्विननी त्यांना हळूच सांगितलं की ही पूर्वेकडची आदर दाखवायची तऱ्हा असावी. काका डोलू लागले.

"क्रमांक एक. आउयांग किट-शुन. मकावचा. वैद्यक, तिसरं वर्ष. शरीररचनेत एकसष्ट. सोन्याचा एक दात. ग्रंथालयाचं एक पुस्तक परत यायचं आहे. क्रमांक दोन. बाक सिन-यी..."

मिस पेंगेलींची पेन्सिल धावू लागली. बारा नंबरला काका म्हणाले, "वसतिगृहात मांजर पाळल्याबद्दल ताकीद," आणि कर्नलांच्या तोंडून निघून गेलं, "मांजर?"

काका थांबले. मग म्हणाले, "क्रमांक एक. आउयांग किट-शुन. मकावचा."

त्याच दिवशी कर्नलांनी विद्यापीठाचे नियम धुंडाळून काढले. छापील नियमावली लंडनहून आली होती, ती शाबूत होती. नियम असा की नोंदवही समितीसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत, खंड न पाडता वाचली गेली तरच ती प्रमाण. आणि नोंदवहीच नसेल तर? तेव्हा तो ठराव झाला. श्री. मोक पुई-लाम यांचं स्मरण हीच नोंदवही समजावी, आणि नोंदवहीचे सर्व नियम त्यांना लागू व्हावेत.

नियम एकूण नऊ. नोंदवही ओली होऊ देऊ नये, म्हणून काकांना पावसात बाहेर पडायला बंदी. विस्तवाजवळ ठेवू नये, म्हणून स्वयंपाकघर बंद. डाग पडू देऊ नयेत, म्हणून सोया सॉस बंद आणि तांदळाची दारू तर बोलायलाच नको. वाळवीपासून जपावी, म्हणून कर्नलांनी स्वतः येऊन काकांच्या दोन्ही खिशांत डांबराच्या गोळ्या घातल्या. झोपायला तिजोरीची खोली, कारण अख्ख्या इमारतीत तिचंच दार लोखंडी असल्यामुळे उरलं होतं. चहा करणाऱ्या सेईताईंना, काकांना जेवायला न्यायचं तर, नेल्याची आणि परत आणून ठेवल्याची सही करावी लागे.

"काका, आज तुम्हाला अर्धा तास जास्त ठेवून घेऊ का?" सेईताई पेजेची वाटी पुढे सरकवत म्हणाल्या. "दंड पडला तर भरीन मी."

"थट्टा करू नका, ताई."

"थट्टा कसली! माझ्या नवऱ्यालाही एखाद्या कपाटात ठेवायला मिळतं तर सोनं झालं असतं. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र मारतोय हो. मासे खाताय का कपडे, कळेना झालंय."

"खारवलेला मासा देता का थोडा?"

"डाग पडेल," सेईताई म्हणाल्या, आणि दिला.

काका मनातून मात्र सुखावले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. सत्तावीस वर्षं वह्या उतरवल्या, कोणी मान वर करून बघितलं नव्हतं. आता दारावर शिपाई. तिसऱ्या दिवसापासून जुनी पोरं भेटायला येऊ लागली. कोणी बदकाची खारवलेली अंडी आणी, कोणी नुसताच गळ्यात पडे. "काका, मला तिसऱ्या वर्षात आठवा हो. दुसऱ्या वर्षाची परीक्षा मी दिलीच असती, बॉम्ब पडला म्हणून राहिली." काका म्हणत, "बॉम्ब परीक्षेनंतर सहा दिवसांनी पडला. तू त्या दिवशी पोहायला गेला होतास." कोणालाही एक इयत्ता इकडची तिकडे झाली नाही. अंडी सेईताईंनी खाल्ली.

आणि मग शिऊ-हानचं पत्र आलं. गावात पत्रं लिहून देणारा एकच म्हातारा, त्याच्या अक्षरात.

"कुशल विचारणे विशेष. तिसऱ्या आजोबांनी असं ठरवलं आहे की चार वर्षांत तुम्हाला कोणी पाहिलेलं नाही. चिंगमिंगला पूर्वजांच्या मंदिरात भाजलेलं डुक्कर घराण्यातल्या जिवंत पुरुषांत वाटतात, तुमचा वाटा चार वर्षं कोणी खायचा यावर भांडणं झाली. आता चिंगमिंगपर्यंत तुम्ही तोंड दाखवलं नाही तर तुमचं नाव मेलेल्यांच्या वहीत चढवणार. एकदा चढलं की उतरवायची रीत नाही. मग मी विधवा, आणि तुमचा पुतण्या मला दत्तक घ्यावा लागेल. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि घोरतो. पत्र पाठवून भागणार नाही, पत्र कोणीही लिहितं असं आजोबा म्हणतात. स्वतः या. मी इतके दिवस काही मागितलं नाही."

शेवटचं वाक्य म्हाताऱ्याचं नव्हतं, तिचं होतं. काकांनी ते चार वेळा वाचलं. चिंगमिंग, म्हणजे पितरांचा सण, पाच एप्रिलला. बोटीने मकाव, पुढे दिवसभराची चाल. म्हणजे तीन तारखेची दोनची बोट ही शेवटची. काकांनी रजेचा अर्ज केला.

सर ऑल्विनना वाईट वाटलं, ते खरंच सज्जन होते. पण कर्नलांनी सातवा नियम वाचला. नोंदवही आवाराबाहेर फक्त कुलसचिवाच्या ताब्यात नेता येते.

"मग कुलसचिवांना सांगा, साहेब," काका म्हणाले.

"कुलसचिव नाहीत. त्यांची नेमणूक लंडनहून होते."

"कधी?"

"विद्यार्थ्यांचा आकडा कळवल्यावर."

"आकडा कधी कळणार?"

"तुमचं वाचन पुरं झाल्यावर," सर ऑल्विन म्हणाले आणि शिंकले. "वाचन पुरं झालं की नवी वही प्रमाण होईल, आणि तुम्ही मोकळे. तुम्ही उद्याच पुरं करा ना!"

काय कमी होतं? रोज सकाळी काका भिंतीकडे वळत. काकांचा आवाज दिवसातून एका वाचनापुरताच पुरे. एके दिवशी सर ऑल्विन शिंकले, आणि शिंकले ते शिंकले, वर "माफ करा" म्हणाले. एके दिवशी पाऊस आला आणि नोंदवही पळवत आत न्यावी लागली. एके दिवशी छपराच्या जागी उगवलेलं गवत खायला चढलेली बकरी एकशे सेहेचाळीसाव्या विद्यार्थ्यावर पडली, म्हणजे त्याच्या नावावर. तो महिनाभराचा उच्चांक होता. मार्च संपत आला तोवर पहिली साठ पोरं समितीला तोंडपाठ झाली होती. कर्नल दाढी करताना आउयांग किट-शुनचा सोन्याचा दात पुटपुटत असत. साठाच्या पुढे वसाहतीला किती विद्यार्थी आहेत हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

मधल्या काळात समितीने एक चांगुलपणा केला, आणि त्याने होती नव्हती तेवढी वाट लागली. सर ऑल्विननी गावाला स्वतःच्या सहीने पत्र धाडलं, चिनी भाषांतरासह. त्यात लिहिलं होतं की श्री. मोक हे विद्यापीठाचे दस्तऐवज असून लोखंडी दाराआड सुरक्षित आहेत, त्यांना ओल व कीड लागणार नाही याची काळजी घेतली जात आहे, आणि नियमानुसार त्यांना तिथून हलवता येत नाही.

तिसऱ्या आजोबांनी ते पत्र मंदिराच्या ओट्यावर मोठ्याने वाचून घेतलं, ते ऐकणाऱ्याने आम्हाला पुढे सांगितलं. वाचून होताच ते म्हणाले, "झालं तर. लोखंडी दार, ओल नाही, कीड नाही, हलवता येत नाही. थडगं चांगलं दिलेलं दिसतंय."

"त्यात जिवंत आहे असंही कुठे लिहिलेलं नाही," पत्रं लिहिणारा म्हातारा म्हणाला.

"साहेब लोक सभ्य असतात. तोंडावर मेला म्हणत नाहीत. सूनबाई, मेलेल्यांच्या वहीत अंगठा कर."

शिऊ-हान म्हणाली, "मी बघितल्याशिवाय करणार नाही. मेला असेल तर जागा बघून येते. जिवंत असेल तर कान पिळून आणते. चिंगमिंगच्या आत परत येते, मग म्हणाल तिथे अंगठा." आणि ती निघाली. काकांना याचा पत्ता नव्हता.

तीन एप्रिलला शेवटचं वाचन ठरलं. त्याच संध्याकाळी सर ऑल्विनचं विमान होतं, अहवाल त्यांच्याबरोबर जायचा. आठला सुरू केलं तर बाराला संपणार, काका दोनच्या बोटीवर. सगळी जय्यत तयारी झाली. बकरी बांधली. सर ऑल्विननी नाकाला रुमाल बांधला. कर्नलांनी स्वतःहून तोंडात पाइप धरला, न पेटवता. सेईताईंनी किटली आदल्या दिवशीच दूर नेऊन ठेवली. आणि साडेनऊपर्यंत पाऊस पडला.

साडेनऊला काका वळले. खिशातल्या दोन्ही गोळ्या काढून त्यांनी बाजूला ठेवल्या, डोळे मिटले आणि डोलू लागले. साठ गेले. एकशे सेहेचाळीस गेला तेव्हा कर्नलांनी पाइप घट्ट चावला. दोनशेच्या पुढे तर अनोळखी पोरं येऊ लागली, नवी कोरी: एक सतार वाजवावी तसं तीन तारांचं वाद्य वाजवणारा, एक जुळ्यांपैकी थोरला, एक जो प्रत्येक परीक्षेआधी आजारी पडे. मिस पेंगेलींनी तिसरी पेन्सिल घेतली. तीनशे झाले. सर ऑल्विनच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पडशाचं नव्हतं. आराखड्यातली पोरं अशी एकेक करून भिंतीतून चालत येतील असं त्यांना लंडनमध्ये वाटलं नसावं.

काका म्हणत होते, पण त्यांचं एक मन घड्याळावर होतं. धक्क्यापर्यंत अर्धा तास. दीडला निघायलाच हवं होतं, आणि अजून एक अख्खं पान राहिलं होतं. तीनशे ऐंशीच्या सुमाराला त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की बोट चुकणार. मेलो तर मेलो. नाव चढेल वहीत, चढू दे. पान पुरं करायचं. शिऊ-हानचा विचार आला आणि त्यांनी तो मागे सारला, कारण नाहीतर अडखळले असते.

त्याच वेळेला ती दारात उभी होती, हातात टोपली, पायात गवताच्या चपला, टेकडी चढून दमलेली.

"कोण पाहिजे?" सेईताईंनी कुजबुजत विचारलं.

"मोक पुई-लाम. मेले असले तर कुठे ठेवलंय ते दाखवा."

"मेले कशाला! चालू आहेत की."

"चालू आहेत म्हणजे?"

"वाचन चालू आहे. मध्ये बोलायचं नाही. ते बघ, भिंतीकडे तोंड करून."

शिऊ-हानने बघितलं. बराच वेळ बघितलं. कुजबुजायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि खेड्यातल्या बाईला आवाज लहान करायची सवय नसते.

"हे नव्हेत."

"अगं तेच ते. मी रोज सही करून आणते त्यांना."

"मला सांगता? माझ्या नवऱ्याचे खांदे हे एवढे रुंद. मान जाडजूड, कॉलरचं बटण कधी लागलं नाही. हा कोणी म्हातारा आहे, नुसती हाडं. साहेबाने दुसऱ्यालाच उभं केलंय."

"अगं चार वर्षं पेजेवर काढली त्यांनी..."

"माणूस चार वर्षांत असा होत नाही, बाई. गेला असेल तर गेला म्हणा ना सरळ. मी रडून घेते आणि दोनची बोट पकडते." तिने टोपली खाली आपटली. "एवढं लांब आले ते खोटा नवरा बघायला?"

भिंतीपाशी मोककाकांना प्रत्येक शब्द ऐकू आला. तोंड चालूच होतं. "क्रमांक तीनशे एक्क्याण्णव. दाय शेक-हुंग. इंजिनियरिंग, पहिलं वर्ष. गणितात अठ्ठ्याऐंशी." कर्नलांच्या पाइपची दांडी मोडली. "क्रमांक तीनशे ब्याण्णव. फू वाय-चिंग. कला शाखा." मागे टोपली उचलल्याचा आवाज आला. "क्रमांक तीनशे त्र्याण्णव. खू तियान-हॉक. पेनांगचा. दुसरं वर्ष. छत्री दर आठवड्याला विसरतो." दगडी पायऱ्यांवर गवताच्या चपला उतरू लागल्या.

पुढचं नाव जिभेवर होतं. त्याच्यामागे आणखी पंचवीस-तीस पोरं उभी होती, रांगेत, आपली पाळी येईल या भरवशावर, आणि मोककाकांना त्यांचे चेहरे दिसत होते. त्यांनी त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली आणि वळले.

त्या उरलेल्या पोरांचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, उगाच कोणाच्या जिवाला घोर नको. काकांना ते पान परत कधी म्हणता आलं नाही. अहवालात तीनशे त्र्याण्णव गेले आणि एक तळटीप, की यानंतरही काही आहेत. पुढे विद्यापीठ उघडलं तेव्हा ज्याची नोंद नसे तो येऊन सांगे, "मी तीनशे त्र्याण्णवच्या नंतरचा." खोटं पाडायला कोणाजवळ काय होतं? असे बहात्तर जण निघाले. सगळ्यांना घेतलं. त्यांतले काही तर फार चांगले डॉक्टर झाले.

"शिऊ-हान!"

ती तिसऱ्या पायरीवर थांबली. मागे वळून तिने त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघितला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, बाजारात मासा निरखावा तसा.

"एवढा वेळ लागतो वळायला?" ती म्हणाली.

"मध्येच होतो गं. मध्ये सोडलं की पहिल्यापासून..."

"मध्येच होते म्हणे! चार वर्षं मध्येच होते."

"चुकलं माझं," काका म्हणाले. "तेव्हाच यायला हवं होतं तुझ्याबरोबर. वह्या वाचल्या नाहीत, आणि वाचल्या असत्या तरी यायला हवं होतं."

इकडे कर्नल सातव्या नियमाचं पान शोधत उठले होते. नोंदवही दोन पायऱ्या उतरून आवाराबाहेर निघाली होती आणि ताब्यात घ्यायला कुलसचिव नव्हता. सर ऑल्विननी त्यांना हाताने खाली बसवलं, नाकावरचा रुमाल सोडला आणि म्हणाले, "मिस पेंगेली, लिहा. नोंदवही तीनशे त्र्याण्णवाव्या नोंदीनंतर दुरुस्तीसाठी बाहेर देण्यात आली."

"किती दिवसांसाठी, सर?"

"जितके लागतील तितके."

शिऊ-हानने टोपली खाली ठेवली, एक पायरी वर आली आणि काकांच्या मानेवर हात ठेवला. कॉलर इतकी सैल होती की तिचा अख्खा हात आत गेला.

"मान केवढी बारीक झाली हो तुमची," ती म्हणाली, आणि मग साहेबांच्या देखत, सेईताईंच्या देखत, दोघंही मोठ्याने रडली. सेईताईंनी त्यांना हाकललं, "रडा रस्त्यात, बोट जाईल." त्या वयात दोघं टेकडी धावत उतरली. बोट पाच मिनिटं उशिरा सुटली म्हणून सापडली.